श्वासापासून उपेक्खेपर्यंत: ध्यानाला नव्यानं बसणाऱ्यांसाठी

सीमाभागातल्या माणसाला ‘उपेक्षा’ या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. रस्ता रखडला, मराठी शाळेत शिक्षक कमी पडले, कार्यालयात अर्ज नुसता कन्नडमध्येच मिळाला, की दुसऱ्या दिवशी पेपरातला मथळा ठरलेला. त्यामुळे आमच्याबरोबर बसायला कुणी नवीन आलं आणि मी म्हणालो, की बुद्धांच्या ध्यानमार्गात चौथ्या पायरीवर ‘उपेक्खा’ शुद्ध होते, तर हमखास प्रश्न येतो: "इथं काय कमी उपेक्षा आहे, की ती ध्यान करून मिळवायची?"

प्रश्न रास्त आहे, कारण शब्द एकच आहे. ‘उप’ म्हणजे जवळ, ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणं. जवळून पाहणं. संस्कृतातच त्याला दुर्लक्षाचाही अर्थ चिकटला आणि मराठीत तेवढाच उरला. ध्यानाची गतही फार वेगळी नाही. "काय ध्यान आहे बघ" असं आपण कुणाबद्दल म्हणतो ते तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून इथं मी उपेक्खा (समतेनं, जवळून पाहणं) आणि झान (ध्यानात मन स्थिर होण्याची एकेक पायरी) हे पाली शब्दच वापरतो.

मी भिक्खू नाही, पंडितही नाही. बेळगावच्या उद्यमबागेत बत्तीस वर्षं लेथवर उभा राहिलेला टर्नर आहे. ध्यानाला बसायला लागून वीस वर्षं होत आली. त्यातली पहिली पाच-सहा भलत्याच गोष्टीमागं धावण्यात गेली. तुमची तेवढी वाचली तर बरं.

जागा, वेळ आणि पोट

सुरुवातीला वीस मिनिटं पुरे. सकाळी उठल्यावर, रोज त्याच जागी. घोंगडीची घडी करून ढुंगणाखाली घ्या, म्हणजे गुडघे खाली टेकतात आणि पाठ आपोआप सरळ राहते. पावसाळ्यात इथल्या ओलीनं गुडघे धरत असतील तर सरळ खुर्चीवर बसा. पद्मासनाला वेगळे गुण मिळत नाहीत. ज्या दिवशी नळाला पाणी यायचं असेल त्या दिवशी आधी पाणी भरून घ्या. कान नळाकडे ठेवून कुणाचंही ध्यान लागलेलं नाही.

उपाशी बसू नका. सिद्धार्थ गौतमांनी अंग वाळवून बघितलं, बरगड्या मोजता येईपर्यंत. मग त्यांना लहानपणची एक गोष्ट आठवली. वडील कामात होते आणि आपण जांभळाच्या गार सावलीत बसलो असताना मन सहज स्थिर झालं होतं, तेच पहिलं झान. वासनेशी संबंध नसलेल्या या सुखाला मी का भितो, असं त्यांनी स्वतःलाच विचारलं. इतक्या कृश शरीरानं ते सुख मिळणं अवघड, हे ओळखून ते जेवले. बरोबर तप करणारे पाचही साथीदार ‘हा ढिला पडला’ म्हणून सोडून गेले. मज्झिम निकायातली (निकाय म्हणजे बुद्धांच्या सुत्तांचा, प्रवचनांचा पाली संग्रह) ही हकीकत मी प्रत्येक नवख्याला सांगतो, कारण आपल्याकडे साधना म्हटली की पहिला घाव जेवणावर पडतो. खानापूरच्या जंगलात जांभळं कमी नाहीत. बसा एखाद्या सावलीत, पण चार घास खाऊन.

आवाजाचं काय, असं शहापूर-वडगावकडचे लोक विचारतात. घराच्या भिंतीला लागून पॉवरलूम. अंगुत्तर निकायात याचं उत्तर आहे. वैशालीजवळच्या महावनात बुद्ध राहत असताना लिच्छवी मंडळी रथांचा गोंगाट करत दर्शनाला येऊ लागली. काही ज्येष्ठ भिक्खू उठून गुपचूप गोसिंग सालवनात निघून गेले. बुद्धांना कळलं तेव्हा ते रागावले नाहीत. बरोबर केलं म्हणाले, पहिल्या झानाला आवाज हा काटा आहे. तेव्हा आवाजाचा त्रास होतो म्हणून स्वतःला कमी समजू नका. शक्य असेल तर जागा बदला. नसेल तर माझा अनुभव असा, की लूमची एकसुरी खडखड पंधरा मिनिटांत मागं पडते. लाउडस्पीकरवरचं गाणं पडत नाही, कारण शब्द मनाला ओढून नेतात.

श्वास: टूल दाबू नकोस

डोळे मिटा. नाकपुड्यांच्या टोकाशी किंवा वरच्या ओठावर श्वास जिथं लागतो तिथं लक्ष ठेवा. आत आला, बाहेर गेला. बस्स.

सतिपट्ठान सुत्तात यासाठी दिलेली उपमा पहिल्यांदा वाचली तेव्हा मी उडालोच. कुशल कातारी, किंवा कातार्‍याचा शागीर्द, लांब ओढा घेताना ‘लांब घेतोय’ हे जाणतो, आखूड घेताना ‘आखूड घेतोय’ हे जाणतो, तसं श्वासाचं जाणावं. कातारी म्हणजे आमच्या भाषेत टर्नर! मी शिकाऊ होतो तेव्हा प्रत्येक नवख्यासारखं टूल जॉबमध्ये, म्हणजे कापायच्या तुकड्यात, घुसवत होतो. आमचे मिस्त्री म्हणायचे, "अरे, दाबू नकोस. कट ऐक." टूल दाबलं की ते जॉबमध्ये खातं, थरथरतं आणि टोक उडतं. श्वासाचंही तसंच आहे. तो लांब करू नका, खोल करू नका, मुद्दाम संथ करू नका. लांब आला तर लांब, आखूड आला तर आखूड, एवढं कळू द्या. जाणण्यात चूक झाली तरी चालेल, दाबण्यात नको.

बुद्धघोष या भाष्यकार भिक्खूंनी पाचव्या शतकात श्रीलंकेत लिहिलेल्या विसुद्धिमग्ग या ग्रंथात करवतीची उपमा आहे. लाकूड कापणाऱ्याचं लक्ष दाते लाकडाला लागतात तिथं असतं, येणाऱ्या-जाणाऱ्या दात्यांमागं ते धावत नाही. तसंच श्वासामागं पोटात उतरू नका, बाहेर हवेतही जाऊ नका. (हा ग्रंथ देवनागरीत संपादित करणारे धर्मानंद कोसंबी आपल्या शेजारच्या गोव्यातले, सांखवळचे.) मन ठरत नसेल तर त्याच ग्रंथाप्रमाणं श्वास मोजावेत. पाचाच्या आत थांबायचं नाही, दहाच्या पुढं जायचं नाही. पाचाच्या आत मन अरुंद गोठ्यात कोंडलेल्या जनावरासारखं धडपडतं, दहाच्या पुढं ते आकड्यांनाच धरून बसतं. मी अजून आठापर्यंत मोजतो. श्वास मोजल्याशिवायही कळायला लागला की आकडे सोडून द्यायचे.

मन पळणार. पळालं हे कळलं तो क्षण कामाचा असतो. त्यावर चिडण्यात तो घालवू नका.

पाच वाडगी

आड येणाऱ्या गोष्टींना नीवरणं म्हणतात. ती पाच आहेत. संयुत्त निकायात त्यांना वाडग्यातल्या पाण्याची उपमा दिली आहे. माणूस वाडग्यात स्वतःचा चेहरा बघायला वाकतो. पाण्यात रंग कालवलेला असेल तर ती कामच्छंद, म्हणजे हवंहवंसं वाटणं. पाणी उकळत असेल तर तो व्यापाद, द्वेष. शेवाळानं झाकलं असेल तर थीनमिद्ध, सुस्ती. वाऱ्यानं हलत असेल तर उद्धच्च-कुक्कुच्च, म्हणजे अस्वस्थता आणि पश्चात्ताप. गढूळ करून अंधारात ठेवलेलं असेल तर विचिकिच्छा, म्हणजे ‘हे खरं का खोटं’ यात लोंबकळणं. बसल्यावर पहिली पाच मिनिटं आज आपल्यापुढं कुठलं वाडगं आहे एवढंच बघा. रोगाचं नाव कळलं की निम्मा उतार पडतो.

यातली सुस्ती नवख्याला सगळ्यांत जास्त छळते, आणि तीच समाधी वाटून माणूस फसतो. मान एकीकडे कलंडलेली, तोंड उघडं, आणि उठल्यावर म्हणतो, "फार शांत वाटलं." ती झोप होती हो. ही पेंग थोरामोठ्यांनाही चुकली नाही. बुद्धांचे पट्टशिष्य मोग्गल्लान साधनेच्या काळात पेंगत बसले असताना बुद्धांनी त्यांना एकापाठोपाठ एक उपाय सांगितले. ज्या विचारानं झोप येते तो सोड. शिकलेला धम्म आठव, तो मोठ्यानं म्हण. दोन्ही कान ओढ, अंग चोळ. उठून डोळ्यांवर पाणी मार, दिशांकडे आणि चांदण्यांकडे बघ. मनात उजेड आण. येरझाऱ्या घाल. एवढं करूनही झोप गेली नाही तर उजव्या कुशीवर झोप, पण उठायची वेळ ठरवून. यातला शेवटचा उपाय मला सगळ्यांत आवडतो. आषाढात बेळगावात चांदण्या दिसायच्या नाहीत, पण कान ओढायला काय हरकत आहे?

उकळत्या वाडग्यासाठी मेत्ता, म्हणजे मैत्रीभावना. ती आधी स्वतःबद्दल, मग ज्याच्याविषयी आदर आहे त्याच्याबद्दल करायची. ज्याच्यावर दात आहे तो शेवटी. पहिल्याच दिवशी भावकीतल्या वैऱ्यापासून सुरुवात करणारे मी बघितलेत. पाणी आणखी उकळतं.

काटा येतो, उजेड दिसतो

काही आठवड्यांनी, काहींना काही महिन्यांनी, मन श्वासावर जरा टिकायला लागतं आणि शरीरात गंमत सुरू होते. याला पीति म्हणतात. विसुद्धिमग्गात तिचे पाच प्रकार आहेत. अंगावर नुसता काटा आणणारी, विजेसारखी क्षणभर चमकणारी, लाटेसारखी येऊन फुटणारी, अंग हलकं करून उचलल्यासारखं वाटवणारी, आणि सगळं अंग भरून टाकणारी. मिटल्या डोळ्यांपुढं कुणाला चांदणीसारखा ठिपका दिसतो, कुणाला कापसासारखं काही. याला निमित्त म्हणतात. कुणाला काहीच दिसत नाही, तेही ठीक.

माझी पाच-सहा वर्षं इथंच गेली. एकदा अंगभर काटा आला, पांढरा उजेड दिसला आणि मी स्वयंपाकघरात जाऊन जाहीर केलं, की मला पहिलं झान लागलं. बायको म्हणाली, "अहो, इथं दूध उतू गेलं ते कळलं नाही, तुमच्यावर सोडून गेले होते. कुठलं झान म्हणायचं हे?" त्यानंतर रोज बसताना मी श्वासाऐवजी त्या उजेडाचीच वाट बघत बसलो. तो अर्थातच आला नाही. काटा येऊ दे, उजेड येऊ दे, लक्ष श्वासावरच असू दे.

पीति आणि सुख यांतला फरकही इथंच समजून घ्या. वाळवंटात तहानलेल्या माणसाला दूरवर पाणी असल्याचं कळतं तेव्हा जी उसळी येते ती पीति. पाणी पिऊन झाडाखाली बसल्यावर वाटतं ते सुख.

चार झानं: काढत जाण्याचं काम

लेथवर काही जोडलं जात नाही. गोल सळीतून नको तेवढं काढून टाकलं की उरतो तो जॉब. चारी झानांचं तसंच आहे. वरच्या पायरीवर नवं काही कमवायचं नसतं, खालचं काहीतरी गळून पडतं.

पहिल्या झानात पाचही नीवरणं बाजूला झालेली असतात. वितक्क म्हणजे मन विषयावर नेऊन टेकवणं, विचार म्हणजे ते तिथं घोळवत ठेवणं, आणि त्याबरोबर पीति, सुख, एकाग्रता. (हा ‘विचार’ म्हणजे आपला रोजचा डोक्यातला गलका नव्हे.) सामञ्ञफल सुत्तात उपमा आहे ती न्हाऊ घालणाऱ्याची. तो काशाच्या भांड्यात स्नानाचं चूर्ण घेतो, पाणी शिंपडत मळतो आणि गोळा आतबाहेर भिजतो, पण थेंब गळत नाही. भाकरीचं पीठ ज्यांनी मळलंय त्यांना हे जास्त सांगायला नको. हाताला अजून काम आहे, हे मात्र लक्षात ठेवा.

दुसऱ्यात ते मळणं थांबतं. मन टेकवावं लागत नाही. उपमा तळ्याची आहे. त्याला चारी दिशांनी पाण्याची वाट नाही, वरून पाऊस नाही, फक्त तळातून गार झरा फुटतो आणि तळं भरतो. उन्हाळ्यात आड उपसून झाल्यावर तळाशी डोळा लावून बसलेल्यानं असा झरा बघितलेला असतो.

तिसऱ्यात पीतिची उसळी गळते. ज्याच्यामागं मी वर्षं घालवली तीच इथं अडचण ठरते. उरतं शांत सुख, आणि उपेक्खा इथंच पहिल्यांदा ठळकपणे पुढं येते. पाण्यातच उगवून पाण्यातच वाढलेली, वर डोकं न काढलेली कमळं मुळापासून शेंड्यापर्यंत गार पाण्यानं भरलेली असतात, तसं.

चौथ्यात सुखही गळतं. दुःख नाही, सुख नाही, उपेक्खेनं शुद्ध झालेली जागरूकता आहे. डोक्यापासून पायापर्यंत पांढरंशुभ्र वस्त्र पांघरून बसलेला माणूस, अशी उपमा. आवाजाला काटा म्हणणाऱ्या मघाच्या सुत्तात चौथ्या झानाला आश्वास-प्रश्वासच काटा म्हटलाय. ज्या श्वासाला धरून इथवर आलो, तोही सुटतो. कुसिनारा इथं बुद्धांचं महापरिनिर्वाण झालं तेही चौथ्या झानातून उठल्यावर, असं दीघ निकायात आहे.

याच्याही पुढं चार अरूप अवस्था आहेत: आकाश, विज्ञान (म्हणजे जाणीव, सायन्स नव्हे), ‘काहीही नाही’, आणि संज्ञा आहे-नाही अशी. शेवटच्या दोन आळार कालाम आणि उद्दक रामपुत्त यांनी गौतमांना शिकवल्या, आणि तेवढ्यानं काम भागत नाही म्हणून गौतम तिथून निघाले. सध्या तुमचं तिथं काही काम नाही.

झान नेमकं किती खोल असावं, यावर जाणत्यांत मतभेद आहेत. काहींच्या मते आवाज ऐकू आला तर ते झानच नव्हे, काही जण इतके कडक नाहीत. माझं मत विचाराल तर आपण कितव्यात आहोत हे पहिल्या वर्षात विचारूच नये. आज काय गळलं, एवढं बघावं.

उपेक्खा घराबाहेर

उसाच्या हंगामात निपाणी-चिकोडीकडच्या रस्त्यावर कारखान्याला निघालेल्या बैलगाड्या बघा. जोडी समान चालीनं चालली असली की गाडीवान कासरा सैल सोडून नुसता बघत असतो. एक बैल ओढू लागला किंवा मागं राहिला, की त्याचा हात लगेच हलतो. विसुद्धिमग्गात हेच सारथी आणि घोडे घेऊन सांगितलंय. उपेक्खा म्हणजे तो सैल कासरा. झोपलेल्या गाडीवानाचाही कासरा सैलच असतो, आणि लांबून दोघे सारखेच दिसतात. तिथंच फसगत होते. ग्रंथात याला जवळचा शत्रू म्हटलंय: अज्ञानातून आलेली उपेक्खा. मुलगा दहावीत नापास झाला आणि बाप म्हणाला, "मला काही वाटत नाही." ही उपेक्खा नव्हे. छातीत काहीतरी आवळलं, ते आवळताना कळलं, आणि तरी मुलाशी बोलताना आवाज चढला नाही, याला म्हणतात.

सरावासाठी ग्रंथातली रीत अशी: मैत्री, करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या सुखात आनंद) आधी, आणि उपेक्खेची सुरुवात अशा माणसापासून, जो आपल्याला ना आवडता ना नावडता. रोजच्या बसचा कंडक्टर घ्या. तोही आपल्या कर्माचा धनी आहे, त्याचं सुखदुःख माझ्या इच्छेवर चालत नाही, एवढं मनात धरून त्याच्याकडे बघा. मग हीच नजर जवळच्या माणसाकडे आणि सगळ्यांत शेवटी वैऱ्याकडे न्या.

आता इथला नाजूक विषय. बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली ती 14 ऑक्टोबर 1956 ला. त्यानंतर अठराच दिवसांनी, 1 नोव्हेंबरला, राज्यांची फेररचना झाली आणि आपण सीमेच्या या, आजच्या कर्नाटकाच्या, बाजूला राहिलो. त्यामुळे आमच्यातल्या तरुणांना वाटतं, की उपेक्खा म्हणजे महाराष्ट्रात जाण्याची मागणी सोडून गप्प बसणं. ज्या बाबासाहेबांनी 1925 साली निपाणीच्या बहिष्कृत परिषदेत लोकांना उभं केलं, त्यांनी पुढं गप्प बसायचा मार्ग निवडला असेल का? सीमेचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तारीख पुढं गेल्याची बातमी येते तेव्हा पोटातला गोळा नेमका कुठून वर चढतो, ते बघा. मग अर्ज लिहायचा तर लिहा. मी दर 1 नोव्हेंबरला पहाटे बसतो आणि मग काळी फीत लावून निषेधाच्या फेरीला जातो. आधी घोषणा देताना घसा बसायचा, आता बसत नाही, एवढा फरक पडलाय.

शिबिराला जायचं असेल तर

घरी तीन-चार महिने बसल्यावर दहा दिवसांचं एखादं शिबिर करावं. आपल्याला जवळचं म्हणजे हातकणंगले तालुक्यात आळत्याचं धम्मालय हे विपश्यना केंद्र, गोएंका गुरुजींच्या परंपरेतलं. रेल्वेनं गेलात तर मिरजेला गाडी बदला. पहिले तीन दिवस आनापान, म्हणजे श्वास, आणि चौथ्या दिवसापासून शरीरावरच्या संवेदना समतेनं बघणं. तिथं झानाच्या पायऱ्या मोजत नाहीत, त्यामुळं ‘माझं कितवं’ हा प्रश्न घेऊन जाऊ नका. राहण्या-जेवणाचे पैसे घेत नाहीत, शेवटी ऐपतीप्रमाणं दान.

मानसिक आजाराची औषधं चालू असतील तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला आणि अर्जात ते लपवू नका. औषध मनानं बंद करू नका. घरी बसतानाही भीती वाढत गेली, झोप उडाली किंवा भलते आवाज ऐकू येऊ लागले, तर बसणं थांबवून जाणत्याला आणि डॉक्टरला भेटा.

पहाटे चारला घंटा होते. मोबाइल जमा करावा लागतो, म्हणून घरच्यांना केंद्राचा नंबर आधीच देऊन ठेवा. दहाव्या दिवसापर्यंत मौन असतं. अकराच्या जेवणानंतर पोटभर असं काही मिळत नाही. संध्याकाळी पाचला नवख्यांना चहा आणि थोडंफार फळ असतं. जुन्या साधकांना लिंबूपाणी.